महिन्याला साडेबाराशे किलोमीटर, तरीही पेट्रोल: नाशिकच्या एका फिजिओथेरपिस्टच्या गाडीचे प्रकरण

नाशिकला इंदिरानगरात राहणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट ताई घरोघरी जाऊन उपचार देतात. त्यांचे रुग्ण पक्षाघातातून सावरणारे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, अंथरुणाला खिळलेले. म्हणजे दवाखान्यापर्यंत येऊच न शकणारे. दिवसाला सहा-सात घरे होतात. सोबत आयएफटीचे (विजेच्या सौम्य प्रवाहाने वेदना कमी करणारे) मशीन, अल्ट्रासाउंडचे मशीन, वॉकर, वजनाचे पट्टे एवढे सामान असते, त्यामुळे स्कूटर कधीच सुटली आणि घरातली २०१३ची पेट्रोल वॅगन-आर त्यांच्याकडे आली. ती आता थकली होती. गाडी घेण्याआधी ती तपासून देणे आणि कोणती घ्यावी ते सांगणे हा माझा व्यवसाय. २०२५च्या जूनमध्ये ताई, त्यांचे यजमान आणि सासरे असे तिघेही माझ्याकडे आले.

गाडी त्यांनी जवळपास ठरवूनच आणली होती: टाटा अल्ट्रोझ. मे महिन्यातच तिचे नवे रूप बाजारात आले होते. शिवाय सासऱ्यांना डिझेल हवे होते, आणि हॅचबॅकमध्ये डिझेल देणारी तेव्हा ती एकटीच उरली होती. प्रश्न इंजिनाचा होता. १.२ लिटर पेट्रोल की १.५ लिटर डिझेल?

सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे म्हणणे सरळ होते. "सूनबाई महिन्याला बाराशे-तेराशे किलोमीटर फिरते. एवढ्या रनिंगला पेट्रोल घेणं म्हणजे पैसे ओतणं. डिझेलचं इंजिन पाच लाख किलोमीटर मरत नाही, हे मी स्वतः चालवून पाहिलंय." यजमानांचा कलही तिकडेच होता. ताई गप्प होत्या. त्यांना सकाळी साडेसातला न कुरकुरता सुरू होणारी गाडी हवी होती, एवढेच.

आबांचे मत हवेतले नव्हते. २०१२च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपये होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! त्यात डिझेल गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर जास्त देणार. फियाटचे १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन तेव्हा स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसत होते, आणि वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाराही बिनधास्त डिझेल घेत होता. त्या काळी मला कोणी विचारले असते तर मीही तेच सांगितले असते.

पण त्या हिशेबाचे दोन्ही खांब, स्वस्त डिझेल आणि परवडणारी छोटी डिझेल गाडी, नंतर हलले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि फरक आटत गेला. २०२०च्या जूनमध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलच्याही वर गेले. त्याआधी, १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ हे गाड्यांच्या धुरावरचे कडक नियम लागू झाले. छोट्या डिझेल इंजिनाला ते नियम पाळायला जी धूर शुद्ध करणारी यंत्रणा लागते तिचा खर्च छोट्या गाडीच्या किमतीत मावेना. मारुतीने डिझेल पूर्ण बंद केले, पोलोचे डिझेल गेले, आय-२० चे डिझेलही पुढे थांबले.

नाशिकमध्ये आम्ही बोलत होतो त्या दिवसांत पेट्रोल साधारण १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये होते. फरक तेराचा.

तिथेच कागद घेऊन हिशेब मांडला. एकाच प्रतीची, म्हणजे प्युअर ही आवृत्ती धरली, तर पेट्रोलची शोरूम किंमत ७ लाख ६९ हजार आणि डिझेलची ८ लाख ९९ हजार. फरक १ लाख ३० हजार. शोरूमवाले इथेच थांबतात. पण महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे आणि डिझेलला १३ टक्के. म्हणजे पेट्रोलला सुमारे ८४,६०० रुपये, डिझेलला १,१६,९००. आणखी ३२ हजार वाढले. एकूण जादा रक्कम १ लाख ६२ हजार. विम्यातला फरक मी धरलाच नाही.

आता बचत. महिन्याचे साडेबाराशे किलोमीटर. त्यातले नऊशे शहरात, साडेतीनशे बाहेर. बाहेरचे म्हणजे महिन्यातून दोनदा कळवणला ताईंचे माहेर आणि कधी एखादी जास्तीची फेरी. पेट्रोलला शहरात साडेबारा आणि बाहेर साडेसतरा असे मायलेज धरले. कंपनी छापते तो आकडा मी कधीच धरत नाही, आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, त्या इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. डिझेलला शहरात १६, बाहेर २२. पेट्रोल महिन्याला ९२ लिटर लागले, साडेनऊ हजारांच्या थोडे वर. डिझेल ७२ लिटर, साडेसहा हजारांच्या थोडे वर. बचत महिन्याला तीन हजार.

"बघा," आबा म्हणाले. "वर्षाला छत्तीस हजार."

छत्तीस हजार खरेच होते. साडेचार वर्षांत जादा पैसे वसूल, आणि ताई गाडी दहा वर्षे तरी वापरणार. पण गाडी कर्जावर घ्यायची होती. १ लाख ६२ हजार रुपये ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर फक्त त्या जादा रकमेचा हप्ता ३,३७० रुपये येतो. पंपावर तीन हजार वाचवायचे आणि बँकेत तेहतीसशे सत्तर भरायचे, असे पाच वर्षे. डिझेलच्या सर्व्हिसिंगला वर्षाला दोन-तीन हजार जास्त जातात, ते वेगळे. यजमानांनी तो हप्ता मोबाइलवर स्वतः दोनदा काढून पाहिला. आबा म्हणाले, पाच वर्षांनंतर तर फायदाच आहे ना? होता. म्हणजे नुसत्या पैशाच्या बाजूने पाहिले तर पारडे जवळजवळ समान होते, आणि त्यावरून मी कोणालाही ठामपणे काही सांगितले नसते.

मला खटकत होते ते वेगळेच. दिवसाला सहा-सात घरे, आणि शहरातले महिन्याचे नऊशे किलोमीटर. म्हणजे एका फेरीला किती?

मी ताईंना एक वही करायला सांगितली. रोज गाडी सुरू केली की वेळ आणि किलोमीटर लिहायचे, बंद केली की पुन्हा लिहायचे. महिनाभर. माझ्या मते गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने आठवडाभर तरी हे करावे. आपण किती फिरतो हे लोकांना ओडोमीटरवरून कळते, पण कसे फिरतो हे बहुतेकांनी कधी पाहिलेलेच नसते.

जुलैअखेर वही आली. त्यातला एक मंगळवार तसाच देतो. सकाळी ७.४० ला घरून निघून गोविंदनगर, अडीच किलोमीटर. गाडी पन्नास मिनिटे बंद. तिथून सिडको, चार किलोमीटर, तासभर बंद. सिडकोतच दुसरे घर, सव्वा किलोमीटर. मग गंगापूर रोड, आठ किलोमीटर, दिवसातली सगळ्यांत लांब फेरी. पाऊण तास बंद. कॉलेज रोड, तीन किलोमीटर. दुपारी घरी, साडेपाच. संध्याकाळी पाथर्डी फाटा, साडेचार. एक तास बंद. परत घरी, साडेचार. दिवसाचे तेहतीस किलोमीटर आणि इंजिन आठ वेळा सुरू. बाकीचे दिवस थोड्याफार फरकाने असेच. महिन्याभरात शहरातली एकही फेरी नऊ किलोमीटरच्या वर नव्हती, आणि बहुतेक पाचच्या आत.

हे पान माझ्यासाठी निकालाचे होते.

बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात डीपीएफ नावाचे गाळणे असते. चिनी मातीसारख्या पदार्थाचे, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांचे. नळ्या एकाआड एक टोकाला बंद केलेल्या असतात. धूर भिंतीतून पाझरून बाहेर जातो आणि काजळी आत अडकते. अडकलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकावी लागते. हायवेवर बराच वेळ एका वेगात गाडी चालली की धूर पुरेसा तापतो आणि काजळी आपोआप जळत राहते. शहरात तो तापत नाही. तेव्हा गाडीचा संगणक ठरावीक काजळी साचली की इंजिनात थोडे जादा डिझेल उशिरा फवारतो, गाळण्याचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी पेटवतो. रीजनरेशन म्हणतात ते हेच. त्याला सलग दहा-वीस मिनिटे चालते इंजिन लागते.

ताईंच्या वहीत सलग वीस मिनिटे जवळपास कुठेच नव्हती. सिडको ते गंगापूर रोड तेवढी, तीही सिग्नलला थांबत थांबत. डिझेल इंजिन तापायलाही वेळ घेते, कारण ते इंधनातली उष्णता पेट्रोलपेक्षा कमी वाया घालवते. एरवी जो गुण तोच इथे आड येतो. अडीच किलोमीटरवर गाडी बंद होते तेव्हा इंजिनातले पाणीसुद्धा धड गरम झालेले नसते. पन्नास मिनिटांत सगळे पुन्हा निवते. असे दिवसातून आठ वेळा.

अशा वापरात काय होते ते मी गाड्या तपासताना पाहत असतो. रीजनरेशन सुरू होते, तेवढ्यात रुग्णाचे घर येते आणि चावी फिरते. काम अर्धवट राहते. पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न, पुन्हा अर्धवट. दर वेळी फवारलेले जादा डिझेल पूर्ण जळत नाही. त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळते. अशा गाडीची डिपस्टिक काढली की ऑइलची पातळी कमी व्हायच्या जागी वर चढलेली दिसते. बोटावर घेतले तर ऑइल पातळ लागते आणि डिझेलचा वास येतो. पातळ ऑइलवर चालणारा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) फार काळ टिकत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, वर्कशॉपमध्ये मशीन लावून सक्तीने काजळी जाळावी लागते, आणि त्याकडेही दुर्लक्ष झाले तर गाळणेच बदलावे लागते. त्या एका बिलात वर्ष-दोन वर्षांची डिझेलची बचत जाऊ शकते.

यजमानांनी अचूक शंका काढली. "पण पंधरा दिवसांनी कळवण आहेच की. वणी-नांदुरीवरून पंच्याहत्तर किलोमीटर. तेव्हा जळून जाईल सगळं." बरेचसे जळेल, हे खरे. पण दोन कळवण-फेऱ्यांच्या मध्ये शहरातले साडेचारशे किलोमीटर आहेत, आणि अशा वापरात गाडी त्याआधीच रीजनरेशन मागते. ते कधी मागायचे हे गाडी ठरवते, आपण नाही. ते सुरू असताना ताईंनी काय करायचे? गोविंदनगरच्या रुग्णाला थांबायला सांगून मुंबई हायवेवर विल्होळीपर्यंत चक्कर मारून यायची? त्या कामावर जाणाऱ्या बाई आहेत. गाडीची मर्जी सांभाळायचे आणखी एक काम त्यांच्यावर टाकायला माझे मन तयार नव्हते.

आबांना मी एकच विचारले: एसटी दिवसातून किती वेळा पूर्ण थंड होते? त्यांनी विचार करून सांगितले, "डेपोतून निघाली की मुक्कामालाच." डिझेल इंजिनाची त्यांनी पाहिलेली चिवट तब्येत त्या सलग चालण्यामुळे होती. शिवाय त्यांच्या बहुतेक नोकरीतल्या बसला हे गाळणे नव्हतेच. त्यांनी वही ओढून घेतली आणि बराच वेळ पाने उलटत राहिले.

चढावर डिझेलच दमदार, हा त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य होता, आणि तो मी खोडून काढला नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना इंजिनाच्या ओढीत (टॉर्कमध्ये), म्हणजे डिझेलचे २०० न्यूटन मीटर आणि पेट्रोलचे ११५ यांत, जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. चौघे जण, डिकीत सामान आणि एसी चालू असेल तर पेट्रोलला दुसऱ्या गिअरवर यावे लागते, आवाज वाढतो. मी सांगितले, टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, चौघे बसा, एसी लावा आणि चढाचा रस्ता मागा. त्यांनी तसे केले. ताईंचे मत पडले की महिन्यातून दोनदा गिअर बदलायला हरकत नाही.

याच सुमारास दिल्लीच्या बातम्या सुरू होत्या: दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन नाही वगैरे. यजमान घाबरले. त्यांना सांगावे लागले की दहा वर्षांची ती मर्यादा दिल्ली आणि राजधानी परिसरासाठी आहे. नाशिकला खासगी गाडीची नोंदणी, डिझेल असो की पेट्रोल, पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून नूतनीकरण होते. योग्य निर्णयसुद्धा चुकीच्या भीतीपोटी घेतला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

सीएनजीचे काय, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आलाच असेल. खरे सांगायचे तर पैशाच्या हिशेबात सीएनजी या दोघांनाही मागे टाकत होता. शहरात किलोमीटरमागे पेट्रोलच्या जवळपास निम्मा खर्च, रस्ता करही कमी, आणि इंजिन पेट्रोलचेच असल्याने काजळीची भानगड नाही. मी तो पर्याय ताईंपुढे नीट मांडला. अडचण रांगेची होती. त्यांच्या वापराला दर चार-पाच दिवसांनी गॅस भरावा लागला असता आणि नाशिकमध्ये पंपावर अर्धा-पाऊण तास उभे राहणे नवीन नाही. त्यांचा अर्धा-पाऊण तास म्हणजे एक रुग्ण. शिवाय वॉकर आणि मशीनसाठी डिकी पूर्ण हवी होती. टाक्या तळाशी बसवलेल्या असल्या तरी सीएनजी अल्ट्रोझची डिकी २१० लिटरचीच उरते. पहाटे पंपावर जाऊ शकणाऱ्या किंवा वेळेचे बंधन नसलेल्या माणसाला मी सीएनजीच सुचवले असते. ताईंनी नको म्हटले आणि तो निर्णय त्यांचाच होता.

जुन्या बीएस-४ डिझेलचाही विचार झाला. २०१८-१९ची स्विफ्ट घ्या, तिच्यात गाळणेच नाही, असे कोणीतरी सुचवले होते. पण सात वर्षांची गाडी म्हणजे इंजेक्टर, टर्बो, क्लच हे खर्च दारात उभे. रोजच्या रोजीरोटीच्या गाडीला ते नको.

गाडी दसऱ्याला घ्यायची हे आबांनी आधीच ठरवले होते, आणि त्या थांबण्याने हिशेबाला वेगळेच वळण मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. आधी छोट्या पेट्रोलला उपकरासह २९ टक्के होते आणि छोट्या डिझेलला ३१. आता दोन्हीला १८. डिझेलला सवलत जास्त मिळाली. कपात पूर्ण धरली तर पेट्रोल सात लाखांच्या किंचित वर आणि डिझेल आठ लाख दहा हजारांच्या आसपास आले. रस्ता करासह दोघांतला फरक १ लाख ६२ हजारांवरून १ लाख ३५ हजारांवर उतरला आणि त्याचा हप्ता २,८०० रुपये. म्हणजे आता तीन हजार वाचवून अठ्ठावीसशे भरायचे होते. जूनमध्ये पेट्रोलकडे किंचित झुकलेला काटा सप्टेंबरअखेर डिझेलकडे किंचित झुकला!

यजमानांचा फोन आला तो याच आकड्यांसह. त्यांनी सगळा हिशेब स्वतः केला होता आणि बरोबर केला होता. मी म्हटले, किमती बदलल्या, वही बदलली का? शहरातल्या फेऱ्या तेवढ्याच छोट्या असतील तर माझा सल्लाही तोच आहे. जीएसटीने डिझेल स्वस्त केले; त्याला गरम व्हायला लागणारा वेळ कमी केला नाही.

याच यजमानांचे एक सहकारी इंदिरानगरातूनच सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. जायला तीस, यायला तीस, पुणे हायवेने, दिवसातून दोनदाच इंजिन सुरू. महिन्याला तेराशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे ताईंपेक्षा फार जास्त नाहीत. त्यांनी मला विचारले तेव्हा मी बिनधास्त डिझेल घ्या म्हणालो. दोन्ही सल्ले एकाच तिमाहीत, एकाच गाडीसाठी आणि जवळपास सारख्याच रनिंगसाठी दिलेले आहेत. त्यांना तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरनंतर मोकळा रस्ता मिळतो आणि रोज दोन वेळा गाळणे स्वच्छ व्हायची सोय आहे.

दसऱ्याला ताईंनी पेट्रोल घेतली. टाकी ते टाकी मोजलेले मायलेज शहरात १२.८ येते आहे, कळवणच्या रस्त्याला १८ च्या जवळ. धरले होते त्यापेक्षा किंचित बरे. गड चढताना आबा अजूनही "डिझेल असतं तर" म्हणतात, आणि त्या दहा किलोमीटरपुरते त्यांचे बरोबर आहे.

वहीचा एक उपयोग माझ्या ध्यानीमनी नव्हता. महिनाभराच्या फेऱ्या एका जागी लिहिलेल्या पाहिल्यावर ताईंच्या लक्षात आले की त्या एकाच दिवसात सिडको, गंगापूर रोड आणि पुन्हा पाथर्डी फाटा अशा शहराच्या दोन टोकांना जात होत्या. त्यांनी रुग्णांचे वार बदलून घेतले: सोमवार-गुरुवार सिडको आणि पाथर्डी फाटा, मंगळवार-शुक्रवार गंगापूर रोड आणि कॉलेज रोड. रुग्ण तेवढेच राहिले आणि महिन्याचे रनिंग अकराशेच्या खाली आले.